औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या फिश टँकवर लेख आला होता, बघून खरंच बरं वाटलं कारण कुत्र्या-मांजरांवर पेपरात बरंच काही येतं पण माशांवर क्वचितच कोणी लिहितं. लेख चांगला होता, फोटो पण छान होते. पण खाली एक छोटी चौकट होती ना, मासा आजारी पडला तर काय करायचं त्याची, ती वाचल्यापासून चैन पडेना म्हणून हे पत्र. चौकटीत म्हटलंय की मासा सुस्त दिसला किंवा अंगावर पांढरं काही दिसलं की टँकचं सगळं पाणी काढा, खडी आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा, ताजं पाणी भरा, हीटर वाढवा आणि निळ्या औषधाचे थेंब टाका. मी बारा वर्षं मासे पाळतेय आणि सुरुवातीच्या काळात मी अगदी हेच, ह्याच क्रमाने केलं होतं, आणि त्यात माझे मासे गेले. आजारामुळे नाही गेले, ह्या उपायामुळे गेले हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा माझा टँक नवा होता, तीन आठवडे झाले असतील. आठ गप्पी होते. एक दिवस सकाळी बघते तर सगळेच्या सगळे वर, पाण्याच्या अगदी कडेला तोंडं लावून, कल्ले भराभर हलतायत, पर अंगाला चिकटवून घेतलेले. मला वाटलं काहीतरी रोग आला. निळं औषध टाकलं, म्हणजे मिथिलीन ब्लू. दुसऱ्या दिवशी दोन मेले तर अजून टाकलं. मग फिल्टर घाण झालाय म्हणून त्याचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला, पाणी निथळ येईपर्यंत. पाच दिवसांत आठही संपले. नंतर कधीतरी टेस्ट किट घेतली आणि त्याच टँकमधलं बादलीत काढून ठेवलेलं पाणी तपासलं तर अमोनियाची नळी गडद हिरवी झाली, जी पिवळी राहायला पाहिजे. तो रंग अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

झालं काय होतं ते सांगते, कारण हे कळलं की बाकीचं निम्मं आपोआप समजतं. मासा मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो, शिवाय उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून पण तोच तयार होतो. टँकमध्ये एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, नायट्रेट त्यामानाने कमी त्रासाचं, ते पाणी बदलून आणि झाडांमुळे कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात, ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात आणि नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे माझे गप्पी तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्याच अमोनियात गुदमरत होते, त्यात मी औषध टाकलं जे ह्या जिवाणूंनाही मारतं, आणि वर स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन जी काही थोडीफार वस्ती बसली होती ती पण घालवली. तुमच्या चौकटीतला सल्ला तंतोतंत हेच करायला सांगतो. स्पंज धुवायचा तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने, दोन-तीनदा बुचकळून, बास. थोडा मळकट दिसला तर दिसू दे, ती मळकट साय म्हणजेच फिल्टर आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मासा आजारी दिसला की पहिली गोष्ट पाणी तपासायची, औषधाच्या बाटलीला हात नंतर. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते), तापमान. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, थोडे असले तर चालतील असं नाही. त्यातही पीएच बघणं महत्त्वाचं कारण तोच अमोनिया पीएच 7 ला आणि 25 डिग्रीला फार विषारी नसतो, त्याचा एक टक्कासुद्धा घातक रूपात नसतो, पण पीएच 8 झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जातं. त्यामुळे दोन घरांत किटवर सारखाच आकडा आला तरी एका घरातले मासे ठीक आणि दुसऱ्या घरातले तळमळतायत असं होऊ शकतं. नायट्राइट वाढलं तर ते रक्तात जाऊन रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच कमी करतं, कल्ले लालचुटुक दिसायच्या ऐवजी तपकिरी दिसायला लागतात, पाण्यात हवा भरपूर असून मासा धापा टाकतो. अशा वेळी थोडं साधं मीठ उपयोगी पडतं कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाऊ देत नाही, पण मूळ इलाज पाणी बदलणं हाच.

आणि पाणी बदलायचं म्हणजे सगळं नाही हो. चतुर्थांश ते निम्मं, तापमान जुळवून, क्लोरीन काढणारं द्रव घालून. पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं आहे पण जिथे पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरतात तिथे ते ठेवून जात नाही, त्याला द्रव लागतोच. एकदम सगळं पाणी बदललं तर तापमान, पीएच, क्षार सगळंच एका तासात बदलतं आणि आधीच अशक्त झालेल्या माशाला तो धक्का सोसत नाही. (अजून एक, पाणी काढायच्या आधी हीटरचं बटण बंद करा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो, मी बघितलंय.)

पाणी तपासून ठीक निघालं तर मग माशाकडे नीट बघायचं. घाईने नाही, दिवा बंद करून, खुर्ची ओढून दहा-पंधरा मिनिटं बसून. मी स्वतःला आधी एकच विचारते, एक मासा आजारी आहे की सगळे? सगळे एकदम, एका रात्रीत बिघडले तर बहुतेक वेळा पाणी, विष किंवा हवा. पहाटे सगळे वर येतात आणि दुपारी बरे असतात तर रात्री ऑक्सिजन कमी पडतोय, झाडं जास्त असली की असं होतं कारण अंधारात झाडंही ऑक्सिजनच वापरतात. पण आज एक, दोन दिवसांनी दुसरा, मग तिसरा असं सरकत गेलं तर तो पसरणारा रोग. आणि जात माहीत पाहिजे. बेटा जातीचा मासा वर येऊन घोट घेतो ते त्याचं नॉर्मल आहे, त्याला हवा घ्यायचा वेगळा अवयव असतो, पण टेट्रा वर येऊन तोंड उघडतोय तर ते नॉर्मल नाही.

आता ते पांढरं. चौकटीत "पांढरं काही" असं एका शब्दात उरकलंय आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप तिथेच आहे, कारण पांढऱ्यापांढऱ्यात फरक आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्याचा जीव घेतो.

पहिलं म्हणजे व्हाइट स्पॉट, ज्याला इक म्हणतात. बारीक मिठाचे कण अंगावर भुरभुरल्यासारखे, सुटे सुटे, गोल, परांवर जास्त दिसतात, मासा खडीवर नाहीतर फिल्टरच्या नळीवर अंग घासतो. हा एक परजीवी आहे, एकपेशीय. तो जो पांढरा कण दिसतो तो कातडीच्या आत शिरून बसलेला असतो म्हणून त्या अवस्थेत त्याला कुठलंच औषध नीट पोचत नाही. तो मोठा होऊन गळून तळाला पडतो, स्वतःभोवती कवच करतो, आतल्या आत फुटत फुटत शेकड्यांनी पिल्लं होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. ती सुटी पोहत असतात तेवढ्यातच औषध लागू पडतं. आता लक्षात येईल की चौथ्या दिवशी ठिपके गेले म्हणून औषध थांबवणं किती मोठी चूक आहे, ठिपके गेले म्हणजे ते तळाला जाऊन पिल्लं घालतायत. 25 डिग्रीला हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात, म्हणून इथे तापमान हळूहळू वाढवायचा उपाय बरोबर आहे, दिवसाला एक-दोन डिग्री, 30 च्या जवळ, पण हवेचा पंप जोरात लावून कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. सगळ्या माशांना एवढी गरमी सोसत नाही, थंड पाण्यातल्या गोल्डफिशच्या बाबतीत तर जपूनच. मीठ लिटरला एक ते तीन ग्रॅम, दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून, तेही झाडं आणि कॉरीडोरास, लोच वगैरे तळाशी राहणारे मासे असतील तर विचार करून. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही बरेच दिवस इलाज चालूच ठेवायचा, माझ्याकडे एकूण दोन आठवडे तरी जातात, आणि रोज तळ सायफनने, म्हणजे पाणी ओढायच्या नळीने, ओढून घ्यायचा म्हणजे कवचं पण बाहेर जातात.

दुसरं पांढरं म्हणजे कॉलमनॅरिस. हे मी फार जवळून बघितलंय. माझी एक काळी मॉली होती, तिच्या ओठांभोवती आधी फक्त एक फिकट राखाडी रेघ आली, खाताना काहीतरी चिकटलं असेल असं वाटावं इतकी बारीक. संध्याकाळपर्यंत ती कापसासारखी झाली आणि दुसऱ्या सकाळी पाठीवर, मधल्या पराच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरलेला, खोगीर टाकल्यासारखा फिकट पट्टा. मी बुरशी समजले. हीटर 30 ला नेला. आणि ती दुपारपर्यंत गेली, तिच्या मागून आणखी तीन. कॉलमनॅरिस बुरशी नसतेच, तो जिवाणू आहे, आणि गरम पाण्यात तो जास्त जोरात वाढतो. म्हणजे इकसाठी जे योग्य तेच इथे घातक. खरी बुरशी बहुतेक जखमेवर, मेलेल्या कातडीवर उगवते, लांब तंतू हलताना दिसतात, आणि सहसा तासातासाने पसरत नाही. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगीर आणि वेगाने पसरतंय असं दिसलं तर तापमान वाढवू नका, मासा वेगळा करा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा कारण ह्याला बहुतेक वेळा अँटीबायोटिक लागतं.

तिसरं, अगदी बारीक, पिवळट सोनेरी धूळ बसल्यासारखं दिसलं तर तो व्हेल्वेट. तो साध्या उजेडात सहज दिसत नाही, खोली अंधारी करून टॉर्च तिरका मारला तर अंग गंजल्यासारखं चमकतं. तो परजीवी उजेडावरही जगतो म्हणून औषधाबरोबर टँक झाकून अंधार करतात.

आणि चौथं पांढरं आजारच नाही. गोल्डफिशचा नर वयात आला, प्रजननाचा काळ आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे दाणे येतात, ओळीत, एकसारखे. मासा खातोय, खेळतोय, मादीच्या मागे फिरतोय. अशा धडधाकट माशाला औषधात बुडवलेलं मी स्वतः बघितलंय, आणि ते करणाऱ्या माणसाचं माशावर मनापासून प्रेम होतं, फक्त त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

औषध द्यायचंच ठरलं तर एक छोटा वेगळा टँक ठेवा, वीस लिटरचा चालतो, खाली खडी नको, एक जुना वसलेला स्पंज, हीटर, लपायला एखादा पाइपचा तुकडा. मोठ्या टँकमधले जिवाणू, झाडं, गोगलगायी, कोळंबी सगळं वाचतं, तांब्याचं औषध तर कोळंबी-गोगलगायींना सरळ मारतं. फक्त इकसारखं काही असेल तर ते सगळ्या टँकमध्ये पसरलेलंच असतं, तिथे एकटा मासा बाजूला काढून भागत नाही. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो आधी काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो आणि आपण म्हणत बसतो औषध लागू पडत नाही. आणि डोस थेंबांच्या अंदाजाने नाही, पाणी मोजून. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले हजार म्हणजे लिटर, 60 बाय 30 बाय 30 चा टँक 54 लिटरचा होतो पण खडी, दगड आणि वरची रिकामी जागा धरली तर पाणी 45 च्या आसपासच असतं. तो फरक लहान माशाला कळतो. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन असली औषधं कॅटफिश, लोच, टेट्रा ह्यांना जड जातात, बाटलीवरचं वाचा, आणि एका वेळी एकच औषध. दोन औषधं एकत्र टाकली तर बरं कशाने झालं ते कळत नाही आणि मेला कशाने तेही कळत नाही.

घरात उरलेल्या माणसांच्या अँटीबायोटिकच्या कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकतात लोक, ते कृपा करून करू नका. डोस कळत नाही, जिवाणू अर्धवट मरतात आणि जे उरतात ते त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि ते पाणी आपण गटारात ओततो.

काही आजारांना इलाज नाही हे पण छापायला हवं होतं असं मला वाटतं. खवले उभे राहून मासा पाइनच्या फळासारखा दिसायला लागला की त्याला ड्रॉप्सी म्हणतात, तो खरं म्हणजे एक रोग नाही, आत पाणी साठतंय, मूत्रपिंडं काम करत नाहीत असं ते लक्षण. एप्सम सॉल्टने, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटने, कधी कधी सूज उतरते पण तोपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. निऑन टेट्राचा रंग मधेच फिका पडून पाठ वाकडी व्हायला लागली तर तो निऑन टेट्रा डिसीज असू शकतो, त्यावर औषध नाही, मासा लगेच वेगळा करणं एवढंच हातात, कारण मेलेल्या माशाला दुसऱ्यांनी टोचून खाल्लं की तो त्यांना होतो. पोट वर करून तरंगणाऱ्या गोल्डफिशचं मात्र बऱ्याचदा खाणं जास्त झालेलं असतं, दोन-तीन दिवस उपास आणि मग उकडून साल काढलेला मटार, ह्याने माझा एक जण दोनदा सरळ झालाय.

मासा अचानक मेला आणि कारण हवं असेल तर तो फ्रीझरमध्ये टाकू नका, पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि काही तासांत डॉक्टरांकडे न्या, गोठल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली फारसं काही हाती लागत नाही. सोबत टँकच्या पाण्याची बाटली वेगळी. जिवंत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, तो कसा पोहतो ते डॉक्टरांना त्यातच दिसतं. मी एक वही ठेवलीय, तारीख, टेस्टचे आकडे, कोणी खाल्लं कोणी नाही, नवीन मासा कधी आणला. अर्धे आजार नवीन माशाबरोबर येतात आणि वहीत बघितलं की बरोबर दहा-बारा दिवसांपूर्वी कोणीतरी नवीन आलेला असतो. म्हणून नवीन मासा आधी दोन ते चार आठवडे वेगळ्या टँकमध्येच.

वाचकांच्या स्वतःच्या तब्येतीचं एक सांगते, लेखात हेही नव्हतं. माशांना होणाऱ्या एका क्षयाच्या जिवाणूमुळे, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम त्याचं नाव, माणसाच्या हातावर गाठी येतात, त्या टँकमध्ये हात घातल्यावर काही आठवड्यांनी दिसतात त्यामुळे कोणाला संबंध लागत नाही. हाताला कापलेलं, खरचटलेलं असेल तर ग्लोव्हज घाला, सायफन तोंडाने ओढू नका, आणि अशी बरी न होणारी गाठ आलीच तर डॉक्टरांना सांगा की घरी फिश टँक आहे.

संपादक महाशय, चौकट तीन बोटांएवढी होती पण लोक लेख सोडून चौकटच कापून ठेवतात, मी पण ठेवते. म्हणून विनंती आहे की तेवढ्याच जागेत दुरुस्ती छापावी, आधी पाणी तपासा आणि फिल्टर नळाखाली धुऊ नका एवढ्या दोन ओळी आल्या तरी चालेल.

आणि ज्यांनी रविवारी चौकट वाचून सोमवारी सगळं धुऊन टाकलं असेल त्यांच्यासाठी, घाबरू नका, अजून करता येण्यासारखं आहे. आता तुमचा टँक नव्यासारखाच झालाय असं समजा. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा, वाढलेलं दिसलं की त्याच दिवशी चतुर्थांश पाणी बदला, जास्त असेल तर निम्मं. हवेचा पंप दिवसरात्र चालू. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्याकडून वापरातला स्पंजचा तुकडा मागून घ्या, त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा, वाळू देऊ नका, आणि तुमच्या फिल्टरमध्ये दाबून बसवा, त्याने कित्येक दिवस वाचतात. नवीन मासा आत्ता आणू नका. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य दिसले की मग खाणं पहिल्यासारखं सुरू करा.

आपली,
एक नियमित वाचक